खायस्ता गुलच्या पिस्तुलातली खाच

आमच्या दर्रा बाजारात पिस्तूल बनवणारे पैशाला पासरी मिळायचे, पण पिस्तुलाला 'रशियन' करणारा मी एकटाच होतो. जमरोज नाव माझं. उस्ताद लोक कानशी घासून घासून पिस्तूल उभं करायचे आणि मग ते माझ्या ठोकळ्यावर यायचं. गिऱ्हाइकाला चिनी हवं असेल तर मी चिनी ठसे ठोकायचो, रशियन हवं असेल तर रशियन अक्षरं आणि मुठीवर चांदणी. ती अक्षरं काय म्हणतात ते मला आजही वाचता येत नाही. पण खुद्द त्या कारखान्यातला माणूस आला तरी त्याला फरक कळायचा नाही, अशी माझी ऐट होती. त्या ऐटीनंच शेवटी माझा गळा धरला. माझ्या एकुलत्या एका पोराचा जीव त्या चांदणीवर टांगला गेला.

झालं ते असं. गव्हाची कापणी उरकून लग्नाचे दिवस सुरू झाले होते. आमच्या चुलत घरातलं लग्न होतं. बाहेर ढोल वाजत होता, पोरं हौसेनं हवेत गोळ्या उडवत होती, आणि आत हुजऱ्यात, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, पंगती बसत होत्या. आमच्याकडे जेवणाआधी पाहुण्यांच्या हातावर पाणी घालायचं काम घरच्या तरण्या पोरांचं. माझा समंदर एकोणिसाचा. एका हातात झारी, दुसऱ्या हातात तस्त घेऊन तो एकेकापुढे वाकत चालला होता. पंगतीतल्या नौशेरपुढे तो वाकला आणि आवाज झाला.

बाहेरही गोळ्या चालूच होत्या, त्यामुळे आधी कुणाला काही कळलं नाही. मग झारी घरंगळत गेली आणि नौशेर पुढे कोसळला. गोळी बरगडीखालून वर गेली होती. समंदरचं पिस्तूल खाली चटईवर पडलेलं होतं. "कमरेतून निसटलं, पडलं आणि उडालं," एवढंच तो बोलला. तेव्हाही, नंतरही.

नौशेरचा थोरला भाऊ बादाम गुल. त्यानं हे ऐकून घेतलं, भावाला खांद्यावर घातलं आणि दारातून वळून म्हणाला, "पडलं म्हणे! महिन्यापूर्वी नौशेरनं भर बाजारात याची टोपी उडवली होती, ते काय मला ठाऊक नाही?"

टोपी उडवल्याचं खरं होतं. ट्रकच्या रांगेवरून दोघांची जुंपली, नौशेरनं थप्पड मारली आणि समंदरची टोपी गटारात पडली. सगळा बाजार हसला होता. पोरानं टोपी उचलली, घरी येऊन धुतली, वाळत घातली आणि त्या गोष्टीचा शब्दही काढला नाही. मला वाटलं, चला, पोरगं शहाणं झालं.

आता गोष्ट सरळ होती. मरण अपघाती असेल तर आम्ही दियत, म्हणजे रक्ताची भरपाई, द्यायची, माफी मागायची, आणि दोन घरं पुन्हा एकमेकांच्या मयतीला जाणार. जाणूनबुजून मारलं असेल तर जिवाला जीव. मग बादाम गुल आज ना उद्या समंदरला गाठणार आणि त्याला कुणी नाव ठेवणार नाही. मीही ठेवू शकणार नाही.

जिरगा, म्हणजे आमची पंचायत, तुतीच्या झाडाखाली बसला. आमच्या टोळीचा प्रमुख मलिक जन्नत खान मधोमध, पुढ्यात चादरीवर ते पिस्तूल. बादाम गुल उठला. त्यानं दारू आणि गोळी काढून टाकलेलं, नुसती टोपी राहिलेलं काडतूस आत भरलं, घोडा अर्धा चढवला आणि सगळ्यांदेखत पिस्तूल दगडावर आपटलं. काही झालं नाही. पुन्हा आपटलं. तिसऱ्यांदा तर मागच्या बाजूनं, घोड्यावरच आपटलं. पिस्तूल मुकंच.

"बघा," तो म्हणाला. "रशियन आहे. पडून उडायला ते काय तावूस खानच्या दुकानातलं आहे?"

लोक हसले. तावूस खान तिथंच बसला होता. त्याचं दुकान बाजारात सगळ्यांत मोठं, माल सगळ्यांत स्वस्त, आणि कातडी गेंड्याची. तोही हसला.

या पिस्तुलाची एक खोड आहे. ज्यांनी ते पहिल्यांदा बनवलं त्यांनी त्याला चाप अडवून ठेवणारी कळ दिलीच नाही. भरलेलं पिस्तूल कमरेला लावायचं तर घोडा अर्धा चढवून ठेवतात, आणि आत एक बारीकशी खाच त्याला धरून ठेवते. तीच काय ती राखण. खाच पक्की असेल तर कितीही आपटा, उडत नाही. खाच झिजली, तिचा टवका उडाला, तर घोडा कधी धरेल आणि कधी सोडेल याचा नेम नाही. आमच्या बाजारातल्या निम्म्या पिस्तुलांची हीच तऱ्हा, म्हणून शहाणी माणसं ती रिकामीच कमरेला लावतात. पण रशियनाच्या खाचेवर सगळ्यांचा विश्वास.

मी उभा राहिलो.  "मलिक साहेब, हे रशियन नाही. आपल्या बाजारातलंच आहे. ही चांदणी मी ठोकलीय."

 बादाम गुल फटकन म्हणाला, "पोराला वाचवायला उद्या आभाळातला चंद्रही तूच ठोकलास म्हणशील. मागच्या ईदला याच लोकांसमोर तू काय म्हणाला होतास? सांगू?"

सांगायची गरज नव्हती. ते पिस्तूल समंदरला त्याच्या मामानं दिलेलं. मिराली बाजारातून रशियन म्हणून रशियनच्या भावानं आणलं बिचाऱ्यानं. ईदच्या दिवशी हुजऱ्यात हातोहात फिरलं. माझ्या हातात आलं तेव्हा मी एका नजरेत ओळखलं की चांदणी माझीच आहे. पोटात हसू मावेना. पण मेहुण्याची फजिती कशाला, पोराचा आनंद कशाला मोडा, आणि खरं सांगायचं तर माझ्या हाताची ती केवढी तारीफ! मी पिस्तूल उन्हाकडे धरलं आणि चारचौघांत म्हणालो, "अस्सल आहे. याला म्हणतात रशियन." त्या वाक्यासाठी मी पुढे स्वतःच्या थोबाडीत किती मारून घेतल्या असतील!

मलिक मात्र न्यायी माणूस. त्यानं घरातून आपल्या बापाचं पिस्तूल मागवलं. काबूलकडच्या एका अफसराकडून आलेलं, खरं रशियन. कुणाचं तरी चिनी घेतलं. तिन्ही चादरीवर शेजारी शेजारी ठेवली आणि तावूस खानला म्हणाला, "तुझा जन्म यात गेला. सांग बरं, यातलं खरं कोणतं?"

तावूस खाननं चिनी लगेच बाजूला सारलं. "हे चिनी. पॉलिश बघा, नव्या नवरीसारखं." मग उरलेली दोन त्यानं तोलली, कानाशी नेऊन घोडे ओढले, मुठीवरून अंगठा फिरवला. बराच वेळ घेतला लेकानं. शेवटी समंदरचं पिस्तूल उचलून म्हणाला, "हे रशियन." आणि मलिकच्या बापाच्या पिस्तुलाकडे बघत खाकरला. "हे… मलिक साहेब, रागावू नका, पण तुमच्या वडिलांना कुणीतरी टोपी घातलेली दिसते."

सगळे पोट धरून हसले. माझ्या पोराला मी डोळ्यांदेखत गमावत होतो. तरीही, खोटं का बोलू, त्या हशात मलाही आत कुठेतरी बरं वाटलं. असा हा माणसाचा मेला अहंकार.

मलिकनं हात वर केला. "जमरोज, तुझ्या एकट्याच्या शब्दावर मी रक्त सोडवू शकत नाही. तू बाप आहेस. हे इथलं असेल तर कुणीतरी बनवलं असेल. त्यानं यावं, माझं आहे म्हणावं, आमच्यासमोर उघडावं आणि काय ते सांगावं. शुक्रवारच्या नमाजानंतर बसू. तोवर बादाम गुल हात उचलणार नाही आणि पिस्तूल माझ्या पेटीत राहील."

ते कुणी बनवलं हे मला ठाऊक होतं. चांदणी ठोकण्यासाठी पिस्तूल माझ्याकडे उघडून यायचं, त्यामुळे आतलं काम मी पाहिलेलं. आतून शेवटची कानस उलट्या दिशेनं फिरवणारा डावरा उस्ताद आमच्याकडे एकच होता. खायस्ता गुल. मी कानस धरायला शिकलो ती त्याच्याकडेच.

त्याचं दुकान बाजाराच्या टोकाला, एका खोलीचं. म्हातारा जमिनीवर बसून पायाच्या बोटांनी तुकडा धरायचा आणि घासायचा. मी गेलो तेव्हाही घासतच होता.

"उस्ताद, ते पिस्तूल तुमचं आहे."

"माझंच आहे," त्यानं मान वर न करता म्हटलं. "ईदला तू त्याला रशियन म्हणालास तेव्हा मीही मनात हसलो होतो."

माझ्या जिवात जीव आला. "मग शुक्रवारी येऊन एवढंच सांगा. माझं आहे आणि खाच झिजलीय."

कानस थांबली. "माझं आहे, हे सांगेन. खाच झिजलीय हे कसं सांगू? मी पाहिलंय का ते?"

"मग तिथं पाहा. पण तसंच सांगा."

"जमरोज," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चढू लागला, "रशियन लाखांनी बनवतात. लढाईच्या घाईत, यंत्रावर. आतून बघ कशी खरबरीत असतात, जणू उंदरानं कुरतडलंय. त्यातलं एक वाईट निघालं तर कोण कुणाला विचारतो? चिन्यांचं वरून चकचकीत, आत मऊ. तावूस खान तर गंजकं भंगार वितळवून विकतो. आणि मी? मी महिन्याला एक बनवतो. खाचेला रेल्वेच्या स्प्रिंगचं पोलाद घालतो. माझं एक पिस्तूल वाईट निघालं तर मी या बाजारात तोंड कुठे लपवू? चाळीस वर्षांत एकानं तरी येऊन म्हटलंय का, की उस्ताद, तुमचं पडलं आणि उडालं?"

"म्हणजे माझ्या पोरानं खून केला असं म्हणायचंय तुम्हाला?"

"मी पोराबद्दल एक अक्षर बोललो नाही. मी खाचेबद्दल बोलतोय."

"एका खाचेपायी माझा मुलगा जाईल, उस्ताद!"

"मला चोर म्हण, मी जिरग्यात हो म्हणतो. पण हे नाही." आणि तो पुन्हा घासायला लागला. मी दारात किती वेळ उभा होतो कोण जाणे. त्यानं वर पाहिलं नाही.

तिथून मी तावूस खानकडे गेलो. बुडत्याला कसली लाज. म्हटलं, तूच म्हण की पिस्तूल तुझं आहे, तुझ्या दुकानातली अशीही उडतातच.

"वा रे वा!" तो म्हणाला. "परवा सगळ्यांसमोर मी त्याला रशियन म्हटलं. उद्या म्हणू की ते माझंच पोर आहे, ओळखलं नाही? मला वेडा ठरवतोस की खोटा? बस, कहवा पी." कहव्याचा पेला पुढे करत त्यानं डोळे बारीक केले. "पण एक सांगतो. त्या म्हाताऱ्याकडून वदवून घे, की माल त्याचा आहे आणि वाईट आहे. मग साक्षीला मी आहे. दोन्ही हात वर करून सांगेन. चाळीस वर्षं हे बाजारात ऐकायला माझे कान तरसलेत."

मी पेला तसाच ठेवून उठलो.

घरी आलो तर समंदर आतल्या खोलीत जेवत होता. त्याला उंबरा ओलांडायची बंदी होती. भाकरी मोडत होता, रश्श्यात बुडवत होता, शांतपणे खात होता. मला वाटलं, पोराला काही कळत नाही अजून, लहान आहे. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्याचा घास थांबला. मी हात काढल्यावर पुन्हा जेवू लागला.

बख्तमीना, माझी बायको, चुलीजवळ बसली होती. सगळं ऐकल्यावर ती म्हणाली, "समंदरच्या बापा, तू बोलायला गेलास. बोलून होणारं काम नाही हे. मला घेऊन चल."

"कुठे?"

"त्याच्या दारात. ननवाते घेऊन."

 ननवाते म्हणजे सगळा मान उतरवून दुसऱ्याच्या उंबऱ्यात शरण जाणं. माणूस ते वैऱ्याच्या दारात करतो, आणि वैरीसुद्धा आलेल्याला हाकलू शकत नाही. आम्ही मात्र ते करायला निघालो होतो एका भल्या म्हाताऱ्याच्या दारात, ज्यानं आमचं काडीचंही वाकडं केलं नव्हतं. हे त्याच्या गळ्याला फास लावणं होतं, हे मला कळत होतं. कळत असूनही मी मेंढा सोडला.

गुरुवारी सकाळी बाजार भरलेला असताना आम्ही निघालो. पुढे मी मेंढ्याची दोरी धरून, मागे बख्तमीना डोक्यावर कुराण घेऊन. आमच्याकडची बाई भर बाजारातून अशी चालत जात नाही. एकेका दुकानातल्या कानशी थांबत गेल्या. माणसं भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. ती चालली ती सरळ खायस्ता गुलच्या खोलीत शिरली, कुराण माझ्या हातात दिलं आणि डोक्यावरची चादर काढून तिनं त्याच्या पुढ्यात, जिथे तो तुकडा धरून घासायचा, तिथे टाकली.

म्हातारा झटकन उठला. वीज पडल्यासारखं तोंड झालं त्याचं. "बेटी, हे काय केलंस? घे ती, डोक्यावर घे आधी!"

"नाही घेणार. काका, तुम्हाला पोर नाही. तुमची पिस्तुलंच तुमची पोरं, हे मला ठाऊक आहे. त्यातलं एक मला द्या. माझं वाचवायला."

खायस्ता गुल खाली बसला.   मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. "समंदर काय म्हणतो?"

"पडलं आणि उडालं, म्हणतो."

"तू त्याला विचारलंस? डोळ्यांत बघून?"

"तो माझा मुलगा आहे, उस्ताद."

"मी ते नाही विचारलं."

मी मेंढ्याची दोरी हाताला गुंडाळत राहिलो.  त्यानं दोन्ही हातांनी चादर उचलली, झटकली, तिच्यावरचा लोखंडाचा कीस काढला आणि मान दुसरीकडे फिरवून बख्तमीनाच्या हातात दिली. मग भिंतीवरची सुरी घेतली आणि मेंढ्याला घेऊन मागच्या अंगणात गेला. मेंढा कापला म्हणजे शरण आलेल्याचं मागणं मान्य. आम्ही दोघं तिथेच एकमेकांना धरून रडलो.

शुक्रवारी तुतीखाली मुंगी शिरायला जागा नव्हती. मलिकनं पेटीतून पिस्तूल काढलं. खायस्ता गुलनं नवी पगडी बांधली होती. त्यानं पिस्तूल हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि स्पष्ट आवाजात म्हणाला, "हे माझं आहे."

लोकांत कुजबुज झाली. मलिकच्या बापाच्या पिस्तुलाची अब्रू परत आली म्हणून मागे कुणी हसलंही. तावूस खान मान खाली घालून दाढी कुरवाळत होता.

म्हाताऱ्यानं चादरीवर एकेक भाग सुटा केला. आतली कानस कशी उलटी फिरलीय ते मलिकला दाखवलं. मग घोडा वेगळा काढला, डोळ्याला भिंग लावलं आणि खाच पाहिली. किती वेळ पाहत होता!  मला वाटलं, आता हा अभिमानी म्हातारा फिरणार, आता म्हणणार की नाही, पक्की आहे. बादाम गुल एकटक त्याच्या ओठांकडे बघत होता.

खायस्ता गुलनं भिंग खाली ठेवलं. "खाच झिजलीय. पोलाद कच्चं राहिलं होतं. अशी खाच कधी धरते, कधी सोडते. त्या दिवशी दगडावर धरली, लग्नात सोडली. पोराचा दोष नाही. दोष माझ्या हाताचा."

"दुसऱ्या कुणी बघावं," मलिक म्हणाला, आणि तावूस खानला पुढे बोलावलं.

तावूस खाननं भिंग लावलं. मी त्याच्याच शेजारी होतो. त्याच्या भुवया वर गेलेल्या मी पाहिल्या. त्यानं भिंग काढून खायस्ता गुलकडे पाहिलं, पुन्हा लावलं, पुन्हा पाहिलं. म्हातारा समोर कुठेतरी डोंगराकडे बघत होता. मग तावूस खानच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. "झिजलीय म्हणजे काय, शिल्लकच कुठे आहे!" तो मोठ्यानं म्हणाला, मागच्यांनाही ऐकू जावं असं. "उस्तादांचा माल आहे, भावांनो. ऐकलं ना सगळ्यांनी? खायस्ता गुल उस्तादांचा."

बादाम गुल उठून म्हाताऱ्यासमोर उभा राहिला. एवढा धिप्पाड गडी, पण ओठ लहान मुलासारखे कापत होते. "काका, तुम्ही कधी खोटं बोलल्याचं मी ऐकलं नाही. तुमच्या शब्दावर मी भावाचं रक्त सोडतोय."

"माझ्या शब्दावर," खायस्ता गुल म्हणाला.

बादाम गुलनं समंदरला समोर आणायला लावलं आणि मिठी मारली. समंदर लाकडासारखा उभा होता. लोकांनी हात उचलून दुआ मागितली. मी रडत होतो, हसत होतो, दिसेल त्याचे हात धरत होतो. मलिकनं शेवटचं फर्मावलं, की ज्यानं या पिस्तुलावर खोटी चांदणी ठोकली त्यानंच ते फोडावं आणि तुकडे नाल्यात फेकावे. मी म्हटलं, डोळ्यांवर, मलिक साहेब, डोक्यावर.

जाताना मी खायस्ता गुलचे हात धरून चुंबायला गेलो. त्यानं ते सोडवून घेतले. "आजच फोड," हळूच म्हणाला. "दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नकोस. आणि फोडताना फार बघत बसू नकोस."

मला वाटलं, म्हाताऱ्याला लाज वाटतेय.

घरी जाताना त्याच्या दुकानावरून गेलो. तिथे आधीच दोघेजण उभे होते, कमरेची पिस्तुलं काढून हातात घेतलेली. "उस्ताद, हे परत घ्या. घरात लेकरं आहेत, कोण जोखीम घेणार?" एकजण म्हणत होता. पलीकडे तावूस खानच्या दुकानातून कुणीतरी ओरडलं, "उस्ताद, खाच बसवून हवी असेल तर आमच्याकडे या!"  परत आलेली पिस्तुलं म्हाताऱ्यानं घेतली आणि फळीवर ओळीनं ठेवली.

दुपारी मी माझ्या ठोकळ्यापुढे बसलो. आधी छिन्नीनं मुठीवरची चांदणी उडवली. मग घोडा हातात घेतला. बघू नकोस असं त्यानं सांगितलं होतं. पण मी त्याचाच चेला. ज्या खाचेनं माझं पोर वाचवलं, ती डोळे भरून बघावी असं वाटलं. मी भिंग लावलं.

खाच जशीच्या तशी होती. कुठे टवका नाही, कुठे झीज नाही. कड इतकी धारदार, की नखावरून फिरवली तर पापुद्रा निघाला. कडेवर त्याची उलटी कानस अजून चमकत होती. मी भिंग पुसलं आणि पुन्हा पाहिलं. मग घोडा जागेवर बसवला, अर्धा चढवला आणि लाकडी हातोडीनं मागून ठोकला. जोरात ठोकला, जीव खाऊन ठोकला. तो जागचा हलला नाही. ती खाच जगात कशानंही सुटली नसती. तिच्यापुढे रशियन नाही, चिनी नाही, कुणीच नाही. असं पिस्तूल मी आयुष्यात दुसरं पाहिलं नाही, आणि ते पडून उडालेलं नव्हतं.

 बादाम गुलची मिठी आठवली. धुऊन वाळत घातलेली टोपी आठवली. घासामागून घास आठवला.

बादाम गुलचं घर दोन गल्ल्या सोडून होतं. पुरावा माझ्या हातात होता. ओरडावंसं वाटलं, पळत सुटावंसं वाटलं. मी जागचा उठलो नाही.

दारात सावली पडली. समंदर होता. इतक्या दिवसांनी मोकळ्या उन्हात आला होता, डोळे चोळत. त्याच्या हातात माझ्यासाठी कहव्याचा पेला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग भिंगाकडे, मग माझ्या चिमटीतल्या घोड्याकडे. त्यानं पेला ठोकळ्याच्या कडेला ठेवला.

"बाबा," त्यानं अगदी बारीक आवाजात विचारलं, "खरंच झिजलीय ती?"

त्या प्रश्नानंतर मला काही विचारायचं उरलं नाही.

"खायस्ता गुल उस्ताद कधी खोटं बोलत नाहीत," मी म्हणालो. मग घोडा ठोकळ्यावर ठेवला आणि मोठा हातोडा घेतला. पोलाद चांगलं होतं. फुटायला फार वेळ लागला.